चकचकीत स्क्रू

तीर्थरूप बाबा,
पाया पडते, पण आज नाक दाबूनच.

माझं बरं चाललंय. खोलीत ऊन भरपूर येतं. जेवण तेवढं घशाखाली उतरत नाही. लोकांच्या मणक्यांतून काढलेले स्क्रू आमच्या प्रयोगशाळेत तपासायला येतात. बरणी उघडली की शी! तीनदा हात धुतले तरी प्रत्येक घासाला तोच कुजका वास.

परवा एक स्क्रू अगदी चकचकीत निघाला. म्हटलं, चला, एक तरी स्वच्छ! तर आमच्या मॅडम म्हणाल्या, "अगं, तोच वाया गेलेला. चांगल्या स्क्रूच्या खरखरीत अंगावर हाड वाढतं, त्याला घट्ट धरतं. काढायला गेलं तर हाडाचा कपचा घेऊनच येतो. याला हाडानं जवळच केलं नाही."

बरणीवरच्या चिठ्ठीत लिहिलं होतं, "ऑपरेशननंतरही सिगारेट चालूच." त्या धुरानं हाड नीट वाढत नाही म्हणे.

आणि काल आई फोनवर कौतुकानं सांगत होती, "तुझे बाबा आता रोज गच्चीवर फिरायला जातात हो!" तिचा गुडघा दुखतो, ती काही वर येऊन बघणार नाही. बाबा, पाठीत सहा स्क्रू घेऊन तुम्ही तो जिना कशासाठी चढता, हे मला न सांगता कळतं. किळस येते मला त्या पाकिटाची. पाठीचा पट्टा तरी बांधता ना?

ते सहाही स्क्रू तुमच्या हाडात कायमचे रुतून बसू देत. मला जन्मात त्यांचं तोंड बघायचं नाही.

तुमचीच,
चिडलेली लेक