जाड गादीचं गणित

अण्णा, मामा गेला. शेवटपर्यंत भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तो तेच सांगायचा, "भावोजींनी गादी दिली म्हणून जगलो." कमरेखालचा देह उरलेला सगळा जन्म निकामी, आणि तोंडात तुमचं कौतुक. मला ते ऐकवत नसे.

चामराजपेटच्या आपल्या घरी, स्वयंपाकघरात तुम्ही रबरी फोमच्या तुकड्यावर आईच्या तराजूतली वजनं ठेवताय आणि तो किती दबला ते पट्टीने मोजताय, हे मला अजून दिसतं. तुमच्या कारखान्यात विमानाच्या खुर्चीची चाचणी होती. खुर्ची माणसासकट उंचावरून खाली सोडायची, आणि बसणार होता आईचा धाकटा भाऊ, तुमच्याच खात्यातला. वजन दुप्पट केलं की फोम दुप्पट दबतो, म्हणजे ही स्प्रिंगच, असं तुम्ही धरलंत. स्प्रिंगचं गणित स्लाइड रूलवर सुटतं, आणि त्या गणितात गादी जितकी जाड तितका धक्का कमी. मामा चेष्टेने, त्याच्या कानडीमिश्रित मराठीत म्हणाला, "भावोजी, स्वल्प जाडच ठेवा हं. माझं लग्न व्हायचंय अजून." आई पोळी लाटता लाटता हसली. तुम्ही फोमचा आणखी एक थर चिकटवलात. खुर्ची खाली आदळली, आणि मामा पुन्हा कधी उभा राहिला नाही.

मी आता हीच कामं संगणकावर करते. फोमला कोणता नियम लावायचा, इथूनच सगळं सुरू होतं. फोम आधी स्प्रिंगसारखा वागतो. मग त्याच्या आतली पोकळ घरं कोसळतात आणि तो विरोध करणंच सोडतो. सगळी घरं मिटली की दगड. खुर्ची केव्हाच थांबलेली असते, माणूस मात्र वेगाने त्या दगडावर येतो. स्वयंपाकघरातल्या वजनांनी तुम्हाला फक्त पहिला टप्पा दिसला. मामा असतानाच, गेल्या वर्षी, मी ती चाचणी मांडून पाहिली. आधी तुमच्या नियमाने, मग खऱ्या. शेवटी गादी काढूनच टाकली. नुसत्या फळीवर बसला असता तर कंबर दुखली असती, पण तो चालत घरी आला असता.

तुम्ही गेलात त्या दिवशी मामाचा हात धरून म्हणालात, "निदान जीव तरी वाचवला तुझा." तो कानडीत 'बरं' म्हणावं तसं म्हणाला, "सरी, भावोजी." तुम्ही शांतपणे डोळे मिटलेत. तुमची ती शांती मला आजही सहन होत नाही.

मामाला मी काही कळू दिलं नाही. तुम्ही हयात असतात, तर तुम्हाला मात्र सांगितलं असतं.