एक नंबर, दोन नंबर

३ एप्रिल

ति. ताईस सा. न.

तू कामाला आहेस त्या अत्तराच्या दुकानातून पाठवलेल्या दोन्ही कुप्या पोचल्या. एक नंबर कापलेल्या गवताचा, दोन नंबर टोमॅटोचं पान चुरडल्यासारखा. उन्हाळाभर लावायला कुठला घ्यावा ते ठरेना. सोमवारी एक नंबर लावून कचेरीत गेले. मोठ्या साहेबांनी लगेच वासाची तारीफ केली. अगदीच हिरवट आहे गं. मानेपाशी आला की मळमळतं, आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत हटत नाही. कामावर जाऊच नये असं वाटतं.

लोभ असू दे.
तुझी छोटी

९ एप्रिल

चि. छोटीस अ. आ.

नाटकीच आहेस. हिरवट हवा म्हणून तर पाठवला. उन्हाळ्यात आमची निम्मी गिऱ्हाइकं हिरवटच मागतात. सुरुवातीला अंगावर येतो, मग सवय होते. मानेऐवजी मनगटावर घे. नाहीच जमलं तर दोन नंबर आहेच.

माया आहेच, ती तशीच राहो.
ताई

१६ एप्रिल

ति. ताईस सा. न.

तुझं पत्र वाचून आधी हसले, मग रडले. वास नाही गं, साहेब हिरवट आहे.

मनगटावर लावलं, तर मनगट धरलं. थुंकी लावून फाइल चाळतो, त्याच ओल्या बोटांनी. मानेला नाक लावतो, तेव्हा नाकातले केस टोचतात. घरी येऊन भांड्यांच्या घासणीने मान घासली, तरी शी वाटतंच. दोन नंबर लावला, तर म्हणाला हा जास्त छान. आता काहीच लावत नाही, तरी येतोच. पुढच्या महिन्यात मला कायम करायचं ते त्याच्याच सहीने. तक्रार लिहिली, साहेब हिरवट आहेत म्हणून. शेजारची टायपिस्ट वाचून फिदीफिदी हसली. फाडून टाकू का?

छोटी

२० एप्रिल

चि. छोटीस अ. आ.

फाडू नकोस. फक्त हिरवट खोड, त्या शब्दाला लोक हसतात. मानेला नाक लावलं, मनगट धरलं, असं तारखेसकट लिही. त्याला कोणी हसणार नाही.

सवय होते, हे मी तुला किती सहज लिहिलं. वीस वर्षं वास बघायच्या निमित्ताने माझं मनगट धरून न सोडणाऱ्या गिऱ्हाइकांबद्दल मी स्वतःला हेच सांगत आले. किळस मलाही येत होती. काल एकाचा हात झटकला. मालक ओरडले, ओरडू देत.

सोमवारी रजा टाकून येते. तक्रार दोघी मिळून देऊ. कुपी तुला आवडेल ती लाव.

लोभ आहेच, राग वाढावा.
ताई