रबरी बाहुलीचा गळा

दि. ४ मार्च
चि. शेंडेफळास, अ. उ. आ.

नव्या नियमांवर आम्हा बालरोगतज्ज्ञांची मतं मागवली होती, त्यासाठी काल बैठक झाली. शिकाऊ डॉक्टरांची नवजात विभागातली मुदत निम्मी केली आहे, ती तशीच राहू द्या, असं मी ठासून सांगितलं. जागून जागून आमची चिपाडं झाली होती, तुमची तरी होऊ नयेत. माझ्या जुन्या सहकाऱ्याने टेबलावर हात आपटला. कच्चे डॉक्टर बाहेर पडतायत, म्हणाला. मी म्हटलं, माझा मुलगा याच नियमांत शिकला, आज एकटा विभाग सांभाळतो. अध्यक्षांनी तेच टिपून घेतलं.

ताई तुझ्याच गावात आहे म्हणून मी निर्धास्त आहे. तिला आठवा लागलाय, चिडचिड सोसून घे. जेवणाची आबाळ करू नकोस.

तुझी,
आई

दि. १२ मार्च
ती. आईस, सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. माझं नाव पुढे करायला नको होतंस. जन्मलेलं बाळ श्वास घेईना तर घशातून नळी घालावी लागते. ती मी जिवंत बाळाला एकदाही घातलेली नाही. माझी पाळी येईपर्यंत मुदत संपली. सरावाच्या रबरी बाहुलीवर मात्र पैकीच्या पैकी मार्क. तिचा गळा कायम उघडा असतो, आणि ती निळी पडत नाही.

ताईने बाळंतपणाला माझंच रुग्णालय धरलंय. बाळाची वाढ कमी दिसतेय. तुझ्याकडे मोठ्या रुग्णालयात जा म्हटलं तर हसली. आईने भर बैठकीत तुझी ग्वाही दिली, मग भीती कसली, म्हणाली. आता तूच समजाव.

तुझा,
शेंडेफळ

दि. १८ मार्च
चि. शेंडेफळास, अ. उ. आ.

ताईला फोन केला. माझेच शब्द तिने मला ऐकवले. मत मागे घ्यायला अध्यक्षांकडे गेले, तर तुमच्या मुलाच्या उदाहरणावरच नियम कायम झाला, म्हणाले. मला माझीच लाज वाटते. शनिवारी सकाळी गाडीने येतेय, ताईला घेऊनच परतेन. तोवर तिला जप, आणि माझ्यावर रागावू नकोस.

तुझी,
आई

शनिवार
ती. आईस, सा. न. वि. वि.

रुग्णालयाचा ड्रायव्हर तुला आणायला स्टेशनवर येतोय, त्याच्याच हाती ही चिठ्ठी देतो. ताईला पहाटेच कळा सुरू झाल्या. आता तिला हलवता येत नाही. बाळाचे ठोके मंदावतायत. ती मात्र मला बघून हसते, म्हणून मला तिच्यासमोर उभं राहवत नाही. पहाटेपासून बाहुलीवर हात बसवतोय. नळी दर वेळी नीट जाते.

नर्स बोलावतेय. दाराशी आलीस की आधी बाळाचं रडणं ऐकू येतं का बघ.

काहीही झालं तरी लोभ असू दे.

तुझा,
शेंडेफळ