सेंट बोटॉल्फची दगडी मोरी

सोमवार, १४ मार्च १९२७
आलो बाई एकदाच्या! चर्चच्या मागच्या अंगाला दोन खोल्या, चुलीचं धुराडं धूर चांगला ओढतं, खिडकीतून खाडी दिसते. मी आता सेंट बोटॉल्फची देखरेखवाली. माझ्या लेकीने, एफीने, आल्याआल्या सगळ्या बाकांची दारं उघडून-मिटून पाहिली. इथली बाकं म्हणजे लाकडी पेट्याच, प्रत्येकीला दार आणि दारावर घराण्याच्या नावाची पितळी पट्टी. ती मीच घासायची.

पाळक, रेव्हरंड लॅम्डिन, भला माणूस. १७६२ची बांधणी, एका पायावर उभं उपदेशपीठ, इंग्लंडच्या राणीने दिलेला चांदीचा प्याला, सगळं हौसेने दाखवलं. गावकरी म्हणतात विटा जहाजातून विलायतेहून आल्या. रेव्हरंड हसून म्हणाले, कसल्या विलायतेच्या, इथल्याच चिखलाच्या!

दहा एप्रिलला, ईस्टरच्या आधीच्या झावळ्यांच्या रविवारी, बिशप येणार. एफीच्या डोक्यावर हात ठेवून तिला मंडळीत घेतील आणि पोर पहिल्यांदा प्याल्याला ओठ लावेल. तिच्या बापाची फार इच्छा होती. कालवांच्या बोटीबरोबर तो बुडाला, इच्छा पडली माझ्या गळ्यात. एवढं नीट पार पडू दे.

बुधवार, १६ मार्च
वेदीची कापडं नि भांडी सांभाळणाऱ्या बायांच्या मुख्य मिस थिओडोशिया डॅशील. वय ऐंशी, जीभ अठराची. माझे हात उलटसुलट बघून म्हणाल्या, नखं बरी आहेत, मागची बाई तर बटाटे खणून आल्यासारखी यायची.

वेदीमागच्या खोलीत भिंतीत एक दगडी मोरी आहे. प्याला विसळलेलं पाणी, कापडांचं पहिलं पाणी तिच्यातच ओतायचं. तिची नळी गटाराला नाही, सरळ जमिनीत जाते. आशीर्वाद दिलेला द्राक्षारस एक तर प्यायचा, नाही तर मातीला द्यायचा, फेकायचा नाही. नियम मला ठाऊक होता. पण मोरीपुढच्याच फरशीवर पहिल्या पाळकाचं नाव कोरलंय. म्हणजे नळी उतरते ती त्याच्या थडग्यात! दीडशे वर्षं गटार तेवढं टाळलं या शहाण्यांनी, खाली कोण झोपलंय ते बघितलं नाही. मिस थिओडोशिया म्हणाल्या, त्यांना काय, उलट बरंच की.

सोमवार, २१ मार्च
शी! मोरी तुंबली. तुंबली कसली, खालून वर आलंय. जांभळट, चिकट, वर सायीसारखं कातडं. त्यात भाकरीचा फुगलेला चुरा आणि लांब पांढरे केस. वास गोड, मेलेल्या उंदराचा असतो तसा. मी सळई आणि कॉस्टिक सोडा घेऊन धावले, तर म्हातारीने फाडकन हातावर मारलं. म्हणाल्या, खबरदार, एकदा पवित्र झालं ते झालं.

शनिवार, २६ मार्च
आज पाहिलं. म्हातारीने पावाच्या तुकड्याने मोरी पुसली, आणि खाल्ला तो तुकडा. केस दातांत अडकला तो बोटाने ओढून काढला, आणि तोही गिळला. मी दारातच ओकले. ती शांतपणे म्हणाली, माती घेत नाही म्हटल्यावर कुणीतरी घ्यायलाच हवं. माझ्या आईनेही घेतलं.

रेव्हरंडांकडे गेले. ते म्हणाले, मिसेस प्रूएट, नियम तर तोच आहे ना. थू तुमच्या नियमावर!

रविवार, ३ एप्रिल
आता रोज येतं. एकटीला संपेना म्हणून म्हातारी ते प्याल्यात ढवळते. सगळं गाव पितं. पुढच्या बाकावरच्या मिस्टर नटवेलनी प्याल्याची कड दोनदा चाटली. मी उठलेच नाही जागची.

एफीला म्हटलं, प्यायचं नाही. ती रडली. आई, तुला सगळीकडे घाणच दिसते, म्हणाली. बाबांनी सांगितलेलं तू मोडतेस, म्हणाली.

शनिवार, ९ एप्रिल
सकाळच्या आगबोटीने तिला घेऊन निघणार होते. म्हातारीने कालच पोरीला तयारीसाठी म्हणून घरी नेलंय. तिच्या दारातून ओरडले, तर एफीच वरच्या खिडकीतून म्हणाली, उद्या भेटू. उद्या तो प्याला तिच्या ओठाशी —

नाही. माझ्या जिवात जीव आहे तोवर नाही.

रविवार, १० एप्रिल
केलं. पहाट फुटताच आत शिरले. प्याला पुसून कोरडा केला, नवी बाटली उघडून त्यात चांगला रस भरला. पण मोरी काठोकाठ होती. खोलीची दुसरी किल्ली म्हातारीकडे, मोरी तशीच भरलेली राहिली असती तर तिने पुन्हा ढवळलंच असतं. बादलीने उपसावी म्हटलं, पण उपसलं तितकं खालून येई. प्यायले तेव्हाच उतरलं. नाक दाबून, ओंजळीने. घशात केस. कोमट. तळ दिसेपर्यंत.

एफी पांढऱ्या झग्यात काय गोड दिसली! बिशपांनी हात ठेवला. प्याला स्वच्छ होता. पोरगी वाचली.

म्हातारीने कोरडी मोरी पाहिली, मग मला पाहिलं. माझा हात हातात घेऊन थोपटला. चिडली असती तर बरं वाटलं असतं.

सोमवार, ११ एप्रिल
ओकायचा प्रयत्न केला. मीठ-पाणी, बोटं. काही येत नाही. ते खाली बसलंय. भूक फार लागते. हॅम, बिस्किटं, खेकडे — सगळं राखेसारखं.

मंगळवार
मोरी अजून कोरडीच. तिच्यात होतं ते सगळं आता माझ्यात. जिभेखाली केस येतोय. उपटला. पुन्हा —

मिस्टर नटवेल येऊन खिडकीशी उभे होते. माझा वास घेत होते.

बुधवार
एफी चहा घेऊन आली. म्हटलं, बाहेरून कडी लाव नि जा. हसली. आई, काहीतरीच तुझं, म्हणाली. ताप बघायला वाकली. अंगाला तिच्या वास — ताजा —

उजव्या हाताने लिहितेय. डाव्यात तिचं मनगट आहे. लिहीत राहिले तर हा हात तरी — सोड मेले, सोड. लेक आहे तुझी. ती म्हणतेय आई, दुखतंय —

किती पातळ असते गं कातडी. एकदाच. फक्त जिभेने —