वेणूच्या हातची नानखटाई

आश्विन वद्य ४
इथल्या गंगाकाठच्या लोकांचा पौर्णिमा होताच कार्तिक लागला. आपला मराठी लोकांचा अजून आश्विनच.
सकाळपासून सदा ओरडतोय. माझाच मुलगा, पण आवाज कुणाचा घेतला देव जाणे. त्याच्या वेणूचा शाळेत पहिला नंबर आला, हे घरात कुणी धड ऐकलंसुद्धा नाही. काल कलेक्टरची मडम बक्षिसं वाटायला आली होती. वेणूला एक पुस्तक मिळालं, आणि सगळ्या पोरींबरोबर एकेक बिस्कीट. पोरीनं ते तिथंच खाल्लं. अकरा वर्षांची पोर, हातात खाऊ दिल्यावर काय त्याची पूजा करील?
आणि घरी येताना गल्लीत नानाशास्त्र्यांनीच विचारलं, काय बक्षीस मिळालं गं? ही म्हणाली, "किताब. और एक बिस्कुट." बिस्कीट कुठाय? "खाल्लं. बहुत खस्ता होतं, खुसखुशीत."
खोटं बोलायला कुणी शिकवलंच नाही तिला. चूक आमची.

आ. व. ५
ना. शा. आले. पाटावर बसले, पाणी घेतलं नाही. तेवढ्यावरूनच कळलं.
निकाल असा: पावरोटीवाल्याच्या भट्टीतला जिन्नस पोटात गेला, मुलगी बाटली. कार्तिकी एकादशीला घाटावर प्रायश्चित्त, पंचगव्य. तोवर स्वयंपाकघरात पाऊल नाही, पाण्याच्या भांड्याला हात नाही. आणि शाळा बंद. ती कायमची.
सदा मान हलवत होता. अमृतराव घाटावर तो भिक्षुकी करतो, त्याचे सगळे यजमान ना. शा.च्या शब्दावर येतात. म्हणून मान हलते, हे मला कळतं. कळलं म्हणून राग कमी होत नाही.
मी म्हटलं, "शास्त्रीबुवा, एका बिस्किटाला एवढं?"
"आबा, तुम्ही अन्नछत्रात आयुष्य काढलंत. अन्नाचं सोवळं तुम्हाला मी सांगायचं?"
ते गेल्यावर चार उत्तरं सुचली.

आ. व. ७
वेणू दिवसभर गच्चीवर. सूनबाई वरून ताटात वाढते, स्पर्श होऊ नये म्हणून. आई आहे ती तिची! डोळे पुसते आणि वाढते. मी तिच्यावरही ओरडलो. ती म्हणाली, "मी काय करू आबा, तुम्हीच सांगा."
गच्चीवर जाऊन बसलो. पोर मडमेचं पुस्तक वाचत होती. तिसऱ्यांदा. म्हणाली, "आबा, त्यात काय होतं सांगू? आपण करू या ना."
मग मी तिची उलटतपासणीच घेतली. दाताखाली कुरकुरलं की विरघळलं? विरघळलं. तूपकट? हो. वेलची? नाही. गोड किती? करंजीच्या सारणापेक्षा कमी.
म्हणजे पीठ, स्निग्ध, साखर. संपलं! सारं आयुष्य पंगतींसाठी बुंदी पाडली, अनारसे तळले, आणि या तीन जिनसांपायी माझी नात बाटली म्हणे.
करणार. दिवाळीच्या फराळात नानखटाई करणार, वेणूबरोबर, इथंच गच्चीवर. वेगळी शेगडी, वेगळी भांडी. बघतो कोण अडवतो.

आ. व. ८
फजिती.
भट्टी नाही, म्हणून पितळी पातेल्यात बोटभर वाळू, त्यावर अडणी, अडणीवर ताटली, वर परात उपडी न घालता सरळ ठेवून तिच्यात निखारे. वाळू गंगेपारची. तिला तरी कुणी सोवळं-ओवळं विचारणार नाही.
गणित बरोबर होतं. तूप चुकलं. बेसनलाडवाच्या सवयीनं मी पातळ करून घातलं. सगळं पसरून एक मोठा थोरला पापड झाला. वेणू हसली. पाच दिवसांत पहिल्यांदा हसली, आणि मी तिच्यावर खेकसलो. मूर्ख म्हातारा.

आ. व. १०
तूप रात्रभर गच्चीवर दवात ठेवलं, छान थिजलं. आता ते परातीत तळहातानं फेसायचं, पांढरं शुभ्र होईपर्यंत.
दहा-बारा वेळा फिरवला हात. मग बोटं थरथरायला लागली. गेल्या थंडीपासून हे सुरू आहे. घरात कुणाला सांगितलेलं नाही. वाटी धरताना डावा हात खाली लावतो म्हणजे दिसत नाही.
वेणूनं पाहिलं. परात स्वतःकडे ओढली आणि फेसायला लागली. "एक, दो, तीन..." मोजता मोजता शंभरापर्यंत गेली, मग पुन्हा एकपासून. हाताची चाल अशी की मला शिकवावं लागलं नाही. मनगट नाही, खांदा फिरवते. माझ्या गुरूंनी मला ही चाल शिकवायला काठी घेतली होती.
भाजताना मात्र खालून जळल्या. राग अनावर झाला, ताटली भिरकावली. पोरीनं जाऊन एकेक उचलून आणली, सुरीनं काळं खरवडलं. "ऊपर से ठीक आहे, आबा."
वरून ठीक असून काय करायचं? तरी दोन खाल्ल्या.

आ. व. १२
जमली!
खाली निखारे कमी, वर जास्त. परात उचलली आणि वेणू ओरडली, "आबा, फूल गई! देखो ना!" वर फुलासारख्या चिरा, रंग सायीचा, बोटांत धरली तर धरवते, जिभेवर ठेवली तर राहत नाही. वेलची माझी. बाकी सगळं तिचं.
डबा भरला. हा डबा वेणूचा, फराळात मिसळायचा नाही, असं सूनबाईला बजावलं. आधी मीच म्हणत होतो फराळात घालू. पण तिचं एक तरी काही तिचं राहू दे.

आ. व. ३०, लक्ष्मीपूजन
सदानं घोटाळा केला.
ना. शा.कडे फराळाचं ताट तोच घेऊन गेला. परत आल्यावर ऐट मारत म्हणाला, "ताटात मध्ये तुमच्या पांढऱ्या वड्या ठेवल्या आबा, शोभून दिसत होत्या. शास्त्रीबुवांना सांगितलं, खास आबांच्या हातच्या."
मी डबा उघडून पाहिला. अर्धा रिकामा.
तेव्हाच सांगायला हवं होतं. डब्याचं झाकण परत लावलं. का, ते इथं तरी खरं लिहितो. 'आबांच्या हातच्या' हे ऐकून बरं वाटलं होतं.

कार्तिक शुद्ध १, पाडवा
आज होऊन गेलं.
ना. शा.च्या ओसरीवर गल्लीतली दहा-पंधरा माणसं. सदा होता. वेणूही माझं बोट धरून आली होती, पायरीखाली उभी. सणाचा दिवस, घरात डांबून ठेवणार नाही म्हटलं.
मला पाहताच ना. शा. म्हणाले, "या आबा! अहो, ते पांढरं काय केलं होतंत? पाच खाल्ल्या मी. हात अजून तोच आहे तुमचा!" सगळे माना डोलावायला लागले. माझा हात थरथरत होता, तो मी उपरण्याखाली घेतला.
आणि मग काय झालं ठाऊक नाही. म्हणजे, ठाऊक आहे. इतक्या दिवसांचा साचलेला राग एकदम बाहेर आला.
"हात माझा नाही," मी म्हणालो. "माझ्या हातानं आता पळी धरवत नाही. तूप फेसलं वेणूनं, गोळे वळले वेणूनं. प्रायश्चित्त व्हायचंय तिचं. बाटलेल्या मुलीच्या हातचं पाच वेळा खाल्लंत, शास्त्रीबुवा. आता एकादशीला दोन वाट्या पंचगव्य करायचं की एकही नाही, ते सांगा."
ना. शा.ची बोटं ओठांशी गेली. म्हणाले, "ग्रंथ पाहावे लागतील."
पोरीचा निकाल एका बैठकीत. स्वतःची वेळ आली तर ग्रंथ!
छाती फुगली होती माझी. मागे वळून पाहिलं तर पायरीखाली वेणू नव्हती.

का. शु. २, भाऊबीज
सदा माझ्याशी बोलत नाही. सूनबाईमार्फत निरोप: घाटावरचं काम गेलं तर आबांनी घर चालवावं. चालवीन म्हणालो. कसं, ते त्यालाही ठाऊक आहे आणि मलाही. आणखीच संताप आला.
वेणू गच्चीवर. मी म्हटलं, अगं, जिंकलो आपण. शास्त्री गप्प झाले.
ती पुस्तकातून मान न काढता म्हणाली, "आबा, सबके सामने तुम्हीच म्हणालात."
"काय म्हणालो?"
"बाटलेली."
अगं, ते त्यांचं बोलणं त्यांच्या घशात घालायला... तसं नव्हे गं... मला तसं...
"मालूम है," म्हणाली. पान उलटलं.

का. शु. ४
दुपारी ना. शा.कडून ताट परत आलं. शास्त्रीणबाई स्वतः घेऊन आल्या, पदराखाली. फराळाचं ताट रिकामं परत करत नाहीत. वैर धरायचं असेल तरच करतात. चार दिवस मी या ताटाकडेच डोळे लावून होतो. झाकण काढलं. साखर. मूठभर.
सूनबाई म्हणते, हा होकार आहे. सदा म्हणतो, साखर बायकांनी घातली, शास्त्रीबुवा अजून ग्रंथच पाहताहेत. पण 'शाळा बंद' असं आज म्हणाला नाही. 'जाऊ दे' असंही म्हणाला नाही. दिवाळीची सुट्टी संपली, शाळा उद्या उघडते. दप्तर खुंटीवर आहे.
मी वेणूला म्हटलं, चल, तीच साखर घेऊ, ताजी करू. उद्या शाळेत बाईंना चार ने. तूप थिजलेलं आहे.
आली. परातीशी बसली. मग उठली, सूनबाईकडून हातावर पाणी घालून घेतलं. बसली. पुन्हा उठली, पुन्हा हात धुतले. तिसऱ्यांदा राख लावून घासले, कोपरापर्यंत. ही पोर, जी फ्रॉकला हात पुसून परातीत घालायची!
"वेणू, पुरे. स्वच्छ आहेत."
"नक्की ना, आबा? छू लूँ?"
नानाशास्त्र्यांवर रागावता येतं. सदावर येतं. हे मी कुणावर काढू? हो म्हणालो, दोनदा म्हणालो, मोठ्यानं म्हणालो. ती हात मांडीवर ठेवून बसली आहे. मी समोर बसून हे लिहितो आहे. ऊन परातीपर्यंत आलं, तूप कडेनं वितळायला लागलं आहे.