दहाव्या रक्तदानाचा कागद

भनपुरी, रायपूर
३ नोव्हेंबर २०२५

ती. आत्यास,
भावनाचा सप्रेम जयभीम.

बाबांच्या यकृतात कॅन्सर आहे. शनिवारी डॉक्टरीणबाईंनी तपासणीचा कागद समोर ठेवून आम्हा दोघा भावंडांना, मला आणि धाकट्या यशदीपला, तसं स्पष्ट सांगितलं. गाठ मोठी आहे, रक्ताच्या मुख्य नळीत शिरली आहे, त्यामुळे ऑपरेशन होणार नाही. गोळ्या सुरू केल्यात. किती दिवस, असं यशदीपने विचारलं. त्या म्हणाल्या, उन्हाळा धरून चालू नका.

फोनवर तू नुसती हव हव करतेस आणि कानाचं मशीन डबीत असतं, म्हणून पत्र लिहिते आहे.

आमच्या पाऱ्यात, सगळ्या वस्तीत, लगेच सुरू झालं, लिव्हर म्हणजे दारू. बाबा रेल्वेच्या वॅगन शॉपमध्ये तीस वर्षं फिटर होते, पंचशील घेतल्यापासून थेंबाला शिवले नाहीत, आणि भेटायला येणारे मला हळूच विचारतात, कधीपासून घेत होते? बाबा ऐकतात आणि भिंतीकडे वळतात. दुखण्यापेक्षा ते त्यांना जास्त लागतं.

हे दारूचं नाहीच. हेपेटायटिस बी नावाच्या विषाणूचं आहे. शाळेत बारावीला मी हेच शिकवते, पण घरात आलं तेव्हा ओळखलं नाही. हा विषाणू पेशीत नुसता राहत नाही, स्वतःचा तुकडा तिच्या जनुकांमध्ये घुसवतो. पेशी वाढवणारी काही जनुकं मोठ्या माणसाच्या यकृतात झोपलेली असतात. तुकडा त्यांच्या शेजारी बसला की ती जागी होतात, आणि पेशींना थांबायचं कळत नाही. याला तीस-चाळीस वर्षंही लागतात. बाबांना तो बहुधा जन्मताच आजीकडून आला, असं बाईंचं म्हणणं. म्हणजे तुझ्यातही असू शकतो, आणि तुझ्याकडून विजयाताईत. वेळेत कळलं तर औषध आहे. तुम्ही मायलेकी रक्त तपासून घ्या. माझं एवढं ऐक.

रागावलीस तरी माया आटू देऊ नकोस.

तुझी भावना


इंदोरा, नागपूर
९ नोव्हेंबर २०२५

चि. भावनास,
अनेक आशीर्वाद अन् जयभीम.

तुझं पत्र वाचलं अन् गॅस पेटवाचं मन नाही झालं. विजया भात घेऊन आली तर तिले परत धाडलं. हिरा माझ्याहून चार वर्षांनी लहान. त्याचा नंबर माझ्या आधी काहून?

पण पोरी, मायवर आळ काहून घेऊन राहिली? माय काविळीनं गेली, पोट फुगलं होतं, हे खरं. पण तिनं आम्हाले दूध पाजलं, बिमारी नाही पाजली. तुझ्या बाईले विचार, हिराचं रक्त खराब असतं तर चौदा एप्रिलच्या शिबिरात दहा वेळा कोणी घेतलं असतं काय? दहाव्या वेळेनंतर रक्तपेढीचा कागद आला. मी तेव्हा तुमच्याकडेच होती. मीच तो मढवून आणला अन् बाबासाहेबांच्या फोटोजवळ लावला. त्या मानानंतर हिरा शिबिर भरवत होता, अन् रक्त तरण्या पोट्ट्यायनं द्यावं म्हणे. तो कागद काढ अन् बाईच्या टेबलावर ठेव. पाऱ्यातल्या लोकायलेही दाखव.

मले सुई नको. सत्तरची झाली, अजून दोन बादल्या पाणी उचलते. विजयाच्या डोक्यात हे भरू नको, ती शिंकेलेही घाबरते. अन् मशीनचं म्हणशील तर त्यात शेजारणीच्या कुकरशिवाय काही ऐकू येत नाही.

हिराले मऊ खिचडी देजो. माझा जीव तिथंच अडकला आहे, हे त्याले सांगजो.

तुझी आत्या कलावती


भनपुरी, रायपूर
१५ नोव्हेंबर २०२५

ती. ताईस,
हिरालालचा जयभीम. निजूनच लिहून राहिलो, अक्षर समजून घे.

तू सांगितलं म्हणून भावनानं चौकट उतरवली. मागचा पुठ्ठा काढला तर कागद दुप्पट निघाला. वरच्या अर्ध्यात हिंदीत माझं नाव, आभार अन् मोहर. खालचा अर्धा मागे दुमडला होता. त्यात इंग्रजीत लिहून आहे की हा कागद घेऊन आठ दिवसांत रक्तपेढीच्या डॉक्टरले स्वतः भेटावं, तोवर पुन्हा रक्त देऊ नये. तारीख एप्रिल १९९८ ची. भावनानं तो दोनदा वाचला. दहावीत होती तेव्हा पाहुण्यायले वरचा अर्धा तीच ठसक्यात वाचून दाखवायची.

आता तुले वाटेल, कागद दुमडला म्हणून असं झालं. तसं नाही, ताई. तुझ्या हाती देण्याआधी तो मी शॉपमधल्या शेखरबाबूकडून पुरा वाचून घेतला होता. अंगात ताकत होती, वाटलं काय होते. गेलो नाही. हा माझा आळस आहे, त्यात तुझं काही नाही.

एकच मागणं आहे. तू अन् विजयानं तपासून घ्या. मी केलं ते तू करू नको.

लहान भावावर जसा आजवर ठेवला तसाच हात राहू दे.

हिरा


इंदोरा, नागपूर
२१ नोव्हेंबर २०२५

चि. हिरास,
आशीर्वाद अन् जयभीम.

तू खोटं बोलून राहिला. मायच्या कंदिलाची काच मी फोडली अन् मार तू खाल्ला, ती आदत तुझी अजून गेली नाही. त्या दिवशी पोस्टमन आला तेव्हा दारात मी होती. लिफाफा मीच फोडला. तू ड्युटीवरून आला तेव्हा कागद भिंतीवर लागला होता. शेखरबाबूनं वाचला कधी?

फ्रेमवाल्यानं मले विचारलं होतं, खालचं लिखाण ठेवू काय. मी म्हटलं, बाबासाहेबांच्या फोटोएवढीच चौकट पाहिजे, मागं दुमड. मले वाटलं, खाली पत्ता असन. इंग्रजी होतं, कोणाले विचारायची लाज वाटली. हे मले आठवते, हिरा. आठवू नये म्हणून तू तसं लिहिलं, तेही समजते.

काल विजयाचा हात धरून गेली. दोघींनी रक्त दिलं. सुईवाल्या पोरीनं विचारलं, घरी कोणाले आहे काय. मी म्हटलं, भावाले आहे, अन् मायले होती. असं पहिल्यांदा बोलली. मायवर आळ घेतल्यासारखं नाही वाटलं. तिले तर कोणी कागदही धाडला नव्हता.

भावनाले सांग, मोठी चौकट करून पुरा कागद लाव. ज्याले दारूचं विचारायचं आहे त्यानं आधी खालचा अर्धा वाचावा.

रिपोर्ट सोमवारी चार वाजता भेटणार आहे. विजयाच्या नवऱ्यानं, पुष्करनं, मंगळवारच्या गाडीचं तिकीट काढलं. रिपोर्टात काहीही निघो, मी येते. तोवर दम धर.

मशीन कानात घालून येईन. तू हळू बोलला तरी चालन.

तुझी ताई