तीस शब्दांविरुद्ध अपील

सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५, सकाळी ११.४०
ऑफिसात आवक रजिस्टरवर लाल रेघा मारत होतो. गुलाबसिंग बाबूंनी पाकीट आणून दिलं. सेवासमाप्ती! बाबा गेल्यावर त्यांच्या जागी अनुकंपावर लिपिक म्हणून लागलो, त्याला दोन वर्षं झाली. मिनिटाला तीस शब्दांचं मराठी टायपिंग सर्टिफिकेट अजून नाही, म्हणून. बाबू म्हणाले, "चार खेपा परीक्षा झाली, काहून नाही बसला बाप्पा?" तयारी पूर्ण झाल्याशिवाय बसणं मला पटत नाही. अर्धी रेघ तशीच सोडून उठावं लागलं.

४ नोव्हेंबर
अपील करणार. तीस दिवसांची मुदत, म्हणजे भरपूर. मुद्दा एकच: वेग म्हणजे लायकी नव्हे. दोन वर्षांत माझ्या हातून एकही चुकीचं पत्र गेलं नाही. (बाबूंच्या मते एकूण नऊच गेली.)

७ नोव्हेंबर
ममता म्हणाली, "दादा, आण इकडं, दहा मिनिटांत मारून देतो." बहिणीकडे चाळीसचं सर्टिफिकेट आहे. नाही म्हणालो. दुसऱ्यानं टाइप केलं तर तोच माझ्याविरुद्ध पुरावा. स्वतः सुरुवात केली. 'प्रति' झालं.

१५ नोव्हेंबर
पहिलं पान पूर्ण. समास किंचित डावीकडे वाटला. नवीन फाइल उघडली.

२० नोव्हेंबर
लाइट गेली. सेव्ह करायचं राहिलं होतं. दोष लाइटचा.

२८ नोव्हेंबर
अपील दाखल. दोन पानं, चुका शून्य. मुदतीच्या पाच दिवस आधी! आमच्या दारव्हा गावात अशी शिस्त कोणाला आहे?

१६ डिसेंबर, यवतमाळ
सुनावणी. साहेबांनी दोन्ही पानं चष्मा लावून वाचली. म्हणाले, एकही चूक नाही, कोणी टाइप केलं? मीच, सर. किती वेळ लागला? खोटं कशाला बोलायचं? शिवाय मेहनत कळायला हवी. सांगितलं, एकवीस दिवस. साहेबांनी लगेच लिहून घेतलं. लक्षण उत्तम. येताना पेढे घेतले.

३० डिसेंबर
आदेश आला. "अपीलकर्त्याच्या स्वतःच्या कथनानुसार, दोन पानांस एकवीस दिवस. अपील फेटाळण्यात येते." ममता मोठ्यानं वाचत होती, शेवटी आवाज बारीक झाला.
म्हणालो, हायकोर्टात जाऊ, मसुदा आजच टाइप करायला घेतो. ममतानं कीबोर्ड उचलला आणि आत नेला.
आईनं विचारलं, "दोन महिने झाले घरात पगार नाही, तुले समजून राह्यलं का?"
हो म्हणालो. लगेच म्हणालो.